डोडोच्या बेटावरील चार ससाणे

सुट्टीसाठी मॉरिशसला गेलेला मराठी प्रवासी पहिल्या दिवशी पहाटे खोलीबाहेरच्या सज्जात येऊन उभा राहतो, तेव्हा त्याला काय दिसते? दूरवर प्रवाळाच्या बांधावर फुटणाऱ्या लाटांची पांढरी रेघ, तिच्या अलीकडचे संथ निळे पाणी, किनाऱ्यावरील सुरूची झाडे, आणि समोरच्या हिरवळीवर मोठ्या रुबाबात पावले टाकीत चालणारी साळुंकी. तीच पिवळी चोच, तेच पिवळे पाय, तोच किंचित भांडखोर स्वर. घटकाभराने जास्वंदीच्या झुडपावर शिपाई बुलबुल येतो. डोक्यावर टोकदार तुरा आणि गालावर तांबडा ठिपका. चिमण्या तर न्याहारीच्या टेबलापर्यंत येतात. दिवस मावळताना राघूंचा थवा कलकलाट करीत माथ्यावरून जातो. पक्षिनिरीक्षणाचा छंद असलेला, त्यासाठी दुर्बीण गळ्यात अडकवून साडेचार हजारांहून अधिक किलोमीटरांचा समुद्र ओलांडून आलेला गृहस्थ अशा वेळी मनातून थोडा खट्टू होतो. हेच पक्षी पाहावयाचे होते तर इंदूरच्या किंवा बडोद्याच्या परसात खुर्ची टाकून बसले असते तरी चालले असते!

त्याचे खट्टू होणे स्वाभाविक आहे. परंतु मॉरिशसच्या पक्ष्यांची हकीकत नेमकी तेथूनच सुरू करावी लागते. वर सांगितलेल्या पक्ष्यांपैकी एकही मूळचा त्या बेटावरचा नाही. साळुंकी तेथे गेली ती इ. स. १७६२ मध्ये, फ्रेंचांच्या अमलात. पिकांवर टोळांचे संकट आले होते आणि हिंदुस्थानातील हा पक्षी टोळ खातो अशी त्याची ख्याती होती. किडीचा नाश करण्यासाठी एक प्राणी एका देशातून दुसऱ्या देशात मुद्दाम नेल्याची जी अगदी आरंभीची उदाहरणे इतिहासात नोंदलेली आहेत, त्यांत या साळुंकीची गणना होते. शिपाई बुलबुल १८९२ च्या सुमारास गेला. राघू एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पिंजऱ्यांतून सुटले आणि रानात स्थिरावले. पुढे उंदरांचा बंदोबस्त व्हावा म्हणून मुंगूस नेण्यात आले; त्यांनी उंदरांच्या जोडीला जमिनीवर उतरणाऱ्या पक्ष्यांचाही बंदोबस्त केला. माणूस जेथे जातो तेथे आपले अंगण बरोबर नेतो, आणि त्या अंगणाखाली काय चिरडले याची चौकशी पुष्कळ उशिरा करतो.

मॉरिशसच्या अंगणाखाली पुष्कळ काही चिरडले आहे. सुमारे ऐंशी लाख वर्षांपूर्वी ज्वालामुखीतून वर आलेले हे बेट मादागास्करच्या पूर्वेस महासागरात एकटेच पडलेले. वाघळे उडत आली. ती सोडली तर जमिनीवर वावरणारा सस्तन प्राणी तेथे पोचलाच नाही. मांजर नाही, उंदीर नाही, माकड नाही, डुक्कर नाही. शत्रू नसला की भीती नको, आणि भीती नसली की पंखांचाही फारसा उपयोग नाही. कबुतराच्या कुळातील एक पक्षी तेथे पिढ्यान्‌पिढ्या जमिनीवरच हिंडत राहिला, आकाराने वाढला, पंख विसरला आणि डोडो झाला. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासावरून असे दिसून आले की, आज हयात असलेल्या पक्ष्यांत डोडोचा सर्वांत जवळचा आप्त म्हणजे निकोबारचे कबूतर होय. ते अंदमान-निकोबारच्या बेटांवर आजही आहे. त्याला मात्र उडता येते.

अरब खलाशांना हे बेट माहीत होते. गोव्याकडे ये-जा करणाऱ्या पोर्तुगीजांनाही ते ठाऊक झाले. मॉरिशस, रेयुनियाँ आणि रॉड्रिग्ज या तीन बेटांच्या समूहाला जे ‘मास्कारीन’ नाव आहे, ते पुढे १५५४ मध्ये गोव्याचा व्हाइसरॉय झालेल्या पेद्रु मास्कारेन्हास याच्यावरूनच पडलेले आहे. परंतु पोर्तुगीजांनी तेथे वसाहत केली नाही. सप्टेंबर १५९८ मध्ये व्हान वारवाइक याच्या नेतृत्वाखालील डच जहाजे आग्नेय किनाऱ्यावरील उपसागरात शिरली. डचांनी आपल्या राजपुत्राच्या, मॉरित्सच्या, नावाने बेटाचे बारसे केले आणि डोडोची कुप्रसिद्ध कहाणी सुरू झाली.

ती कहाणी सर्वांस ऐकून माहीत असते. पण बहुधा चुकीची. खलाशांनी डोडो मारून खाल्ले हे खरे असले तरी त्यांना ते मांस फारसे रुचले नव्हते. डचांनी त्या पक्ष्याला दिलेल्या पहिल्या नावातच किळस आहे. खरा घात झाला तो जहाजांतून उतरलेल्या उंदरांनी, डुकरांनी आणि माकडांनी. डोडो आपले घरटे जमिनीवर घाली, आणि उघड्यावर पडलेले अंडे हे या पाहुण्यांचे आयते भोजन होते. १६६२ साली जहाज फुटून बेटावर अडकलेल्या फोल्कर्ट एव्हर्ट्‌झ नावाच्या डच माणसाने किनाऱ्याजवळच्या एका लहान बेटावर डोडो पाहिल्याचे लिहून ठेवले. विश्वसनीय मानली जाणारी ती शेवटची नोंद. म्हणजे माणसाची आणि डोडोची ओळख उणीपुरी चौसष्ट वर्षांची.

या चौसष्ट वर्षांत डोडो हिंदुस्थानात येऊन गेला होता, ही गोष्ट मात्र फारशी कोणाला ठाऊक नसते. पीटर मंडी हा इंग्रज कंपनीचा नोकर १६२८ च्या सुमारास सुरतेस आला. त्याच्या रोजनिशीत सुरतेच्या वखारीत मॉरिशसहून आणलेले दोन डोडो पाहिल्याचा उल्लेख आहे. सेंट पीटर्सबर्ग येथील संग्रहात एक मोगल चित्र आहे. जहांगीर बादशहाच्या पदरी असलेल्या उस्ताद मन्सूर या चित्रकाराचे ते असावे असे जाणकार मानतात. चित्राच्या मधोमध डोडो उभा आहे आणि भोवती हिंदुस्थानातील पक्षी आहेत. युरोपातील कित्येक चित्रकारांनी डोडो अकारण लठ्ठ आणि बावळट काढला; कित्येकांनी तो दुसऱ्याच्या चित्रावरून काढला. मन्सूरचा डोडो मात्र सडपातळ, सुरकुतलेल्या कातडीचा, जिवंत पक्षी समोर ठेवून काढलेला दिसतो. त्यामुळेच डोडोच्या अभ्यासकांना त्या चित्राचे मोल फार वाटते. तापीच्या काठावर त्या दोन पक्ष्यांचे पुढे काय झाले, याचा पत्ता मंडी देत नाही.

मॉरिशसचे राजचिन्ह १९०६ साली ठरले. त्यात ढालीच्या एका बाजूस डोडो आणि दुसऱ्या बाजूस सांबर उभे आहे, आणि दोघांच्या जवळ उसाचे एकेक कांडे आहे. सांबराच्या जातीची हरणे डचांनी १६३९ मध्ये जावाहून आणून सोडली होती. म्हणजे एक नष्ट झालेला मूळ रहिवासी, एक बाहेरून आणलेला पाहुणा, आणि दोघांच्या हाती तो ऊस, ज्याच्यासाठी बाकीचे रान गेले. चिन्ह ठरविणाऱ्यांच्या मनात असे काही असेल असे नाही. पण बेटाचा तीनशे वर्षांचा इतिहास इतक्या थोडक्या जागेत दुसऱ्या कोणी मांडलेला नाही.

डचांनी १७१० मध्ये बेट सोडले आणि १७१५ मध्ये ते फ्रेंचांनी घेतले. त्यांच्यापैकी पिएर प्वाव्र या दूरदर्शी अधिकाऱ्याने झाडे तोडल्याने पाऊस हटतो असा विचार मांडून १७६९ साली असा नियम केला की, जमीनधारकाने आपल्या जमिनीचा चौथा हिस्सा रानाखाली राखावा. रानाच्या रक्षणासाठी वसाहतींत केलेल्या अगदी पहिल्या कायद्यांत तो मोडतो. १८१० मध्ये इंग्रज आले, साखरेचा भाव चढला आणि डोंगरउतार सोडून बाकीचे बेट उसाखाली गेले. १८३६ मध्ये ‘बीगल’ जहाजातून चार्ल्स डार्विन तेथे उतरला, तेव्हा रस्त्यांवर राबणारे हिंदी कैदी पाहून त्याने त्यांच्या रुबाबदार चेहऱ्यांची प्रशंसा लिहून ठेवली. ब्लॅक रिव्हरच्या भागातून परतताना वाटेत काही अंतर तो हत्तीवर बसून आला. बेटावर हत्ती एकच होता, आणि उत्क्रांतीचा सिद्धांत मांडणारा माणूस डोडोच्या बेटावर हत्तीवरून फिरला, ही मौज नोंदवून पुढे जाणे भाग आहे.

गुलामगिरी बंद झाल्यावर उसासाठी माणसे हवी होती. १८३४ पासून पुढे सुमारे साडेचार लाख हिंदी मजूर कराराने बांधून मॉरिशसला नेण्यात आले. बहुसंख्य कलकत्त्याहून व मद्रासहून गेले. मुंबई बंदरातून गेलेल्यांत रत्नागिरी आणि आसपासच्या कोकणपट्टीतील मराठी कुटुंबे होती. त्यांच्या वंशजांनी आपली देवळे आणि सणवार राखले, आणि गणेशचतुर्थीला आज तेथे सार्वजनिक सुट्टी असते. रान तोडून, दगड वेचून रचण्याचे काम या लोकांनी केले. उसाच्या शेतांतून रचलेले काळ्या दगडांचे ढीग प्रवाशाला आजही जागोजाग दिसतात. मॉरिशसचे अरण्य हिंदी हातांनी तोडले असे म्हणता येईल; परंतु ते का व किती तोडावयाचे हे ठरविण्याचा अधिकार त्या हातांना कधीच नव्हता, हेही त्याच श्वासात म्हणावयास हवे.

१८६५ मध्ये जॉर्ज क्लार्क नावाच्या शाळामास्तराने माएबूर गावाजवळील मार ओ सोंज या दलदलीत डोडोची हाडे शोधून काढली. शोधाची रीत साधीच होती. मजूर कमरेइतक्या पाण्यात उतरले आणि अनवाणी पावलांनी चिखल चाचपडू लागले. पायाला हाड लागले की खाली वाकून ते वर काढावयाचे. तोपर्यंत काही विद्वानांना डोडो ही खलाशांची थाप वाटत असे. त्या हाडांनी तो वाद संपविला, आणि त्याच साली इंग्लंडात प्रसिद्ध झालेल्या ‘ॲलिस’च्या गोष्टीत डोडो आल्यामुळे नष्ट झालेला तो पक्षी जगातील मुलांच्या घराघरांत शिरला.

डोडोची कीर्ती अशी वाढत होती आणि तिकडे रानात उरलेले पक्षी एकामागून एक कमी होत होते. त्यांच्याकडे कोणाचे लक्ष नव्हते. मॉरिशसमध्ये केस्ट्रेल जातीचा एक लहान ससाणा आहे. तपकिरी पाठ, पांढऱ्या पोटावर काळे ठिपके, आखूड पंख. मोकळ्या मैदानावर तरंगत राहणारा हा ससाणा नव्हे; दाट झाडीत वळसे घेत झाडावरच्या हिरव्या पाली पकडणारा. रान गेले तसा तो डोंगरांच्या कपारींत सरकला. त्यात विसाव्या शतकाच्या मध्यास हिवतापाच्या निर्मूलनासाठी डीडीटीची फवारणी झाली. येथे घाईने निवाडा करून चालणार नाही. १८६७ च्या साथीत हिवतापाने त्या बेटावर हजारो माणसे मारली होती, त्यांत मजुरांची कुटुंबे पुष्कळ. फवारणीने ते संकट हटले. परंतु तेच विष किड्यांतून पालीत, पालीतून ससाण्यात गेले आणि त्याच्या अंड्यांचे कवच पातळ झाले. मादी उबवावयास बसली की अंडे फुटे. १९७४ साली गणती झाली तेव्हा साऱ्या रानात चार ससाणे उरले होते. त्यांत अंडी घालणारी मादी एक.

जगातील सर्वांत दुर्मिळ पक्षी म्हणून त्याचे नाव तेव्हा घेतले जाऊ लागले. स्टॅनले टेंपल हा तरुण अमेरिकन संशोधक १९७३ मध्ये त्याच्यासाठी तेथे आला होता. (याच टेंपलने पुढे असे प्रतिपादन केले की, तांबालाकोक नावाच्या झाडाचे बी डोडोच्या पोटातून गेल्याशिवाय रुजत नाही. ही कल्पना इतकी चटकदार होती की ती पाठ्यपुस्तकांत शिरली. पुढील अभ्यासात मात्र ती टिकली नाही.) त्याच सुमारास एक विलक्षण गोष्ट घडली. मॉरिशसचे ससाणे सामान्यतः झाडाच्या ढोलीत अंडी घालीत, आणि ढोलीपर्यंत माकडे सहज पोचत. १९७४ मध्ये एका जोडीने झाड सोडून उभ्या कड्यातील खोबणीत घरटे केले. तेथे माकडाचा हात पोचला नाही आणि पिले वाचली. पुढे त्या पिलांनीही कडाच निवडला.

पण एवढ्यावर कोण भरवसा ठेवणार? नॉर्मन मायर्स हे नामांकित पर्यावरणतज्ज्ञ. त्यांनी १९७९ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात रोखठोक विचारले की, ज्या पक्ष्याचे मरण जवळजवळ निश्चित आहे त्याच्यावर पैसा घालण्याऐवजी तोच पैसा ज्यांची आशा आहे अशा शेकडो जातींवर का घालू नये? हा प्रश्न निर्दय वाटला तरी अडाणी नाही. दुष्काळात बियाणे कोठे टाकावयाचे हे शेतकऱ्याला ठरवावेच लागते. त्याच वर्षी कार्ल जोन्स नावाचा पंचविशीतील वेल्श तरुण पक्षिरक्षणाच्या एका आंतरराष्ट्रीय संस्थेतर्फे मॉरिशसला आला. त्याला दिलेली कामगिरी ससाणे वाचविण्याची नव्हती. चालू असलेला प्रकल्प आटोपता घेऊन सरकारच्या हवाली करण्याची होती. जोन्सने ती कामगिरी पार पाडली नाही. तो तेथेच राहिला आणि वर्षांमागून वर्षे राहिला.

त्याची पद्धत पुस्तकी नव्हती. कोंबड्या-कबुतरे पाळणाऱ्याचे आणि शिकारी ससाणे बाळगणाऱ्याचे जे जुने ज्ञान असते, ते त्याने रानात नेले. मादीने अंडी घातली की दोर बांधून कड्यावर उतरावयाचे आणि ती उचलून आणावयाची. अंडी गेली की मादी पुन्हा घालते, हे खुराडे राखणाऱ्या कोणत्याही गृहिणीला माहीत असते. उचललेली अंडी उबवणयंत्रात ठेवावयाची. इकडे रानातील जोडीला पांढरे उंदीर खाऊ घालून तिची ताकद वाढवावयाची, म्हणजे दुसऱ्या खेपेची अंडी चांगली येतात. यंत्रातील पिले हाताने भरवून मोठी करावयाची आणि पंख फुटल्यावर रानात पेट्या टांगून हळूहळू मोकळी सोडावयाची. जोडीला माकडांपासून सुरक्षित अशी घरटी बांधावयाची आणि मुंगूस व मांजरे सापळ्यात पकडावयाची. ऐकावयास सोपे, परंतु उरलेल्या चारांपैकी एका जोडीची अंडी हातात घेऊन कड्यावर लोंबकळणे म्हणजे एका जातीचे भवितव्य मुठीत धरणे होते. अंडे निसटले असते तर जबाबदार कोण, हे सांगावयास फार शोध करावा लागला नसता.

१९८४ पासून दहा वर्षांत असे सव्वातीनशेहून अधिक ससाणे रानात सोडण्यात आले. पक्षी स्वतः जोड्या करून पिले वाढवू लागले. १९९४ मध्ये बेटाच्या नैऋत्येस ब्लॅक रिव्हरच्या दऱ्यांचे साडेसहा हजार हेक्टरांचे राष्ट्रीय उद्यान झाले.

ससाण्याच्या मागोमाग गुलाबी कबुतराची पाळी आली. फिकट गुलाबी छातीचा, तांबूस शेपटीचा हा मोठा पक्षी डोडोसारखाच कबुतरांच्या कुळातला, पण उडणारा. जर्सी बेटावरील आपल्या प्राणिसंग्रहालयासाठी प्रसिद्ध असलेले लेखक जेराल्ड ड्युरेल १९७६ मध्ये मॉरिशसला गेले, आणि पकडून आणलेल्या कबुतरांपासून पिंजऱ्यात पैदास सुरू झाली. तिकडे रानात १९९१ च्या सुमारास जेमतेम दहा कबुतरे उरली होती. ड्युरेलांनी त्या प्रवासावर लिहिलेले पुस्तक हे सुट्टीच्या प्रवासवर्णनासारखेच वाचले जाते. त्यातला विनोद वाचताना दहा हा आकडा वाचकाच्या ध्यानातून निसटतो.

आणि तिसरा इको नावाचा हिरवा पोपट. १९८० च्या दशकात तो डझनभरच शिल्लक होता. येथे आपल्या हिंदुस्थानी राघूचा संबंध येतो. दोघे एकाच गोत्रातले, दिसावयास इतके सारखे की नवख्याला ओळखू येऊ नयेत. पण राघू धीट, बेटावर कोठेही राहणारा, आणि इको जुन्या रानातील जुन्या झाडांच्या ढोलीशिवाय न राहणारा. ढोली थोड्या आणि त्यांवर हक्क सांगणारे पुष्कळ. लाकडी पेट्यांची घरटी, अशक्त पिलांची एका घरट्यातून दुसऱ्या घरट्यात बदली, घरट्यातील किडींचा नाश अशा उपायांनी हा पोपटही सातशेच्या घरात गेला, आणि २०१९ मध्ये धोक्याच्या यादीत त्याची एक पायरी उतरली. गुलाबी कबुतराची पायरी त्याआधी २०१८ मध्ये उतरली होती; ती तेव्हा चारशेहून अधिक झाली होती. २०१६ साली जोन्सला वन्यजीवरक्षणासाठी दिला जाणारा इंडियानापोलिस पुरस्कार मिळाला.

येथे गोष्ट संपविण्याचा मोह होतो. वर्तमानपत्रांनी ती अनेकदा येथेच संपविली आहे. परंतु ससाण्यांची मोठी मोहीम थांबल्यावर काही वर्षांत त्यांची संख्या पुन्हा घसरू लागली, आणि २०१४ मध्ये त्यांचे नाव धोक्याच्या यादीत एक पायरी वर चढविणे प्राप्त झाले. सर्व ससाणे त्या मूठभरांचे वंशज. रक्ताचे वैविध्य तोकडे. रानाची स्थितीही अशी की, चांगल्या अवस्थेतील मूळ अरण्य बेटावर दोन टक्क्यांहून कमी उरले आहे आणि त्यात चिनी पेरूची झुडपे इतकी दाट माजतात की देशी झाडाचे रोप खाली तग धरीत नाही. गुलाबी कबुतरांच्या जनुकांचा अभ्यास करणाऱ्यांनी तर असा इशारा दिला आहे की, संग्रहालयांत राखलेल्या कबुतरांचे रक्त रानातल्या थव्यात आणले नाही, तर पन्नास ते शंभर वर्षांत ही जात रानातून जाईल. म्हणजे मायर्स यांच्या प्रश्नाचे उत्तर एकदा देऊन भागत नाही. ते दर मोसमाला पुन्हा द्यावे लागते, आणि ते देण्यासाठी कोणीतरी खिसा उघडावा लागतो. २०१९ साली तेरा लाखांहून अधिक परदेशी प्रवासी मॉरिशसला गेले. त्यांपैकी फार थोडे किनारा सोडून रानाच्या वाटेला लागले असतील.

जे लागतात त्यांनी माएबूरजवळच्या इल ओ एग्रेत या बेटावर जावे. प्रवाळी खडकाचे हे सव्वीस हेक्टरांचे बेट किनाऱ्यापासून होडीने काही मिनिटांवर आहे. १९९१ मध्ये तेथील उंदीर संपविण्यात आले, उपरी झुडपे उपटून देशी झाडे लावण्यात आली, आणि नष्ट झालेल्या मूळ कासवांच्या जागी अल्डाब्रा बेटावरील प्रचंड कासवे आणून सोडण्यात आली. ती एबनीची फळे खातात आणि त्यांच्या विष्ठेतून बी रुजते. गुलाबी कबुतरे १९९४ पासून तेथे आहेत.

२५ जुलै २०२० रोजी वाकाशियो नावाचे मालवाहू जहाज याच किनाऱ्याच्या प्रवाळावर चढले. ६ ऑगस्टला ते फुटून तेल सांडू लागले. सुमारे हजार टन तेल पाण्यात गेले आणि वारा त्याला इल ओ एग्रेतकडे लोटू लागला. बेटावरील रोपवाटिकेतील दुर्मिळ रोपे, काही पाली, फोडी व ऑलिव्ह चष्मेवाला या चिमुकल्या पक्ष्यांपैकी काही होड्यांतून मुख्य भूमीवर आणण्यात आले. तेल अडविण्यासाठी पुरेसे साहित्य नव्हते. तेव्हा आसपासच्या गावांतील माणसे, त्यांत करारी मजुरांची पणतवंडे असणारच, शेतांतून उसाचे पाचट गाड्यांनी घेऊन आली. कापडाच्या लांब पिशव्या शिवून त्यांत ते पाचट भरले आणि त्या पिशव्या एकीला एक जोडून पाण्यावर तरंगते बांध घातले. उसाने त्या बेटावर एका रानाच्या बाजूने उभे राहण्याचा हा प्रसंग पहिलाच असावा.

आज त्या बेटावर वाटाड्याबरोबर फिरताना गुलाबी कबूतर प्रवाशाच्या माथ्यावरील फांदीवर येऊन बसते आणि खाली टक लावून पाहते. माणसाची भीती त्याला फारशी नाही. दुर्बिणीची गरजही पडत नाही. छायाचित्र काढणाऱ्याला एकच गोष्ट खटकते. त्या कबुतराच्या दोन्ही पायांत रंगीत कडी असतात, आणि चित्रात ती ठळक उमटतात. प्रवासी विचारतो, कडी नसलेले एखादे कबूतर दिसेल का? वाटाडा वर पाहतो, तांबडे, पांढरे, निळे असा क्रम पुटपुटतो, खिशातील वहीत त्या तारखेपुढे तीन अक्षरे लिहितो आणि दाण्याच्या पेटीकडे जाणाऱ्या वाटेला लागतो.